इंद्रायणीच्या खोऱ्यात हवे पर्जन्यमापकांचे जाळे

लोणावळ्यात किती मिलिमीटर पाऊस झाला, यावरून साऱ्या मावळच्या पावसाचा अंदाज बांधला जातो. हा अंदाज फसवा आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सुमारे ६५ किलोमीटरवरील पुण्यात तो जेमतेम सातशे-साडेसातशे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा त्याच मुंबईत कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर नोंदला गेला. एका ठिकाणचा आकडा संपूर्ण खोऱ्याला लावता येत नाही, तो यामुळेच.

शंभर चौरस किलोमीटरवर पडलेला २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे अडीचशे कोटी लिटर पाणी. जमीन भिजलेली आणि उतार तीव्र असेल, तर त्यातील मोठा वाटा काही तासांतच नदीत उतरतो.

डोंगराळ, अतिवृष्टीच्या प्रदेशात दर १३० चौरस किलोमीटरला एक पर्जन्यमापक असावा, असा भारतीय मानकांचा संकेत आहे. राज्यात २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रे उभारली गेली. परंतु पाणी मंडळाची हद्द पाहत नाही. ते डोंगरधारेवरून विभागले जाते. नाणे मावळ आणि अंदर मावळाचे पाणी इंद्रायणीला मिळते, पवन मावळाचे पवनेला. म्हणून मापकांच्या जागा खोरेनिहाय, घाटमाथा आणि तळ दोन्हीकडे ठरवायला हव्यात.

साधा मापक सकाळी साडेआठला वाचला जातो. शंभर मिलिमीटर पाऊस दिवसभरात झाला की दोन तासांत, हे त्यावरून कळत नाही. पुरासाठी मात्र हेच महत्त्वाचे. स्वयंचलित मापकातील छोटे पात्र ठरावीक पाण्याने भरताच कलते आणि प्रत्येक कल मोजला जातो. ही नोंद नियंत्रण कक्षाकडे तत्काळ पोहोचली, तरच खालच्या गावांना, देहू-आळंदीच्या घाटांना सावध करता येईल. मोबाइलची रेंज नसलेल्या दऱ्यांसाठी संदेशवहनाची पर्यायी सोयही आवश्यक आहे.

३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. अशा ओढ्यांना काही मिनिटांतच लोंढा येतो. तेथे पर्जन्यमापकावर विसंबून चालणार नाही. पावसात प्रवाहात न उतरणे, हाच उपाय. मोठ्या नदीकाठी मात्र जाळ्यामुळे मोलाचे काही तास हाती येऊ शकतात. त्यासाठी यंत्रे बसवणे पुरेसे नाही. मापकाच्या नरसाळ्यात पाचोळा अडकला, तर ऐन मुसळधार पावसातही नोंद शून्याच्या आसपास राहते. तो पाचोळा वेळच्या वेळी काढणारा माणूस नेमणे, हाही या योजनेचाच भाग असायला हवा.