लक्षण, संशय आणि निदान
(लेखमाला : आरोग्यसेवेतील करिअर – हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट)

जुलै २०२५ मध्ये हिंगोली जिल्हा एका आकड्यामुळे राज्यभर गाजला. ८ मार्चपासून जिल्ह्यात ‘संजीवनी’ अभियान सुरू होते. त्यात २,९२,९९६ महिलांकडून प्रश्नावली भरून घेतली गेली आणि १४,५४२ जणींमध्ये कर्करोगासारखी लक्षणे दिसली, अशी माहिती आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी विधिमंडळात दिली. आकडा कानावर पडताच अनेकांनी ‘चौदा हजार बायकांना कॅन्सर’ असाच अर्थ घेतला. प्रत्यक्षात तोवर निदान पक्के झाले होते बारा जणींचे. गर्भाशयमुखाचा कर्करोग तिघींना, स्तनाचा एकीला आणि तोंडाचा आठ जणींना.

साडेचौदा हजार आणि बारा. या दोन आकड्यांमध्ये तपासण्यांची मोठी साखळी आहे. तिच्यातली एकही बाई वाटेत गळू नये, यासाठी नोंदी सांभाळणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

हे काम कसे चालते? समजा, पाळी थांबून काही वर्षे झालेल्या बाईला पुन्हा रक्तस्राव होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० वर्गीकरणात या तक्रारीचा कोड एन ९५.०. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाळणी तपासणी झाली तर झेड १२.४. कर्करोगाच्या संशयावरून निरीक्षणाखाली ठेवले तर झेड ०३.१. बायोप्सीत गर्भाशयमुखाचा कर्करोग सिद्ध झाला, तरच सी ५३. केस पेपर वाचून योग्य कोड टाकणाऱ्याला म्हणूनच शरीररचना, रोगांची नावे आणि डॉक्टरांचे अक्षर, तिन्ही समजावे लागते. इथे गफलत झाली की संशयित आणि रुग्ण एकाच रकान्यात जातात. मग घबराट पसरते, औषधांचा आणि खाटांचा हिशेबही चुकतो.

कोडपेक्षाही अवघड असते माणूस ओळखणे. सेनगाव किंवा औंढ्याकडची एखादी बाई बाळंतपणाला माहेरी जाते, तिथे तिचे माहेरचे आडनाव लागते. सासरच्या आरोग्य केंद्रात तिचीच नोंद दुसऱ्या नावाने असते. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला गेले, तर तिसरी नोंद कारखान्याजवळच्या दवाखान्यात. तीन कागद, तीन नावे, बाई एकच. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ अंकी आभा क्रमांक या नोंदी जोडू शकतो. पण नुसता क्रमांक काढून भागत नाही. प्रत्येक भेटीची नोंद त्या क्रमांकाखाली, रुग्णाच्या संमतीने जोडणारे माणूस लागतेच.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने १८९७ मध्ये ग्रेस व्हाइटिंग मायर्स यांना खास नोंदींसाठी नेमले होते. भारतात हे क्षेत्र कायद्यात ठळकपणे आले २०२१ मध्ये. त्या वर्षीच्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोग कायद्यात ‘हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट’च्या व्यावसायिकांचा वेगळा गट आहे.

शिक्षणाच्या वाटाही आहेत. केंद्र सरकारची सेंट्रल ब्युरो ऑफ हेल्थ इंटेलिजन्स मेडिकल रेकॉर्ड टेक्निशियनचा सहा महिन्यांचा आणि मेडिकल रेकॉर्ड ऑफिसरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालवते. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय आणि पुद्दुचेरीचे जिपमर ही त्याची नावाजलेली केंद्रे. मणिपालला या विषयात पदवीचे शिक्षण मिळते. पुण्यात अमेरिकी रुग्णालयांच्या बिलांसाठी मेडिकल कोडिंगच्या नोकऱ्या आहेत आणि बरीच मुले तिकडेच वळतात. त्यात गैर काही नाही, पण कोडिंग हा या व्यवसायाचा एक तुकडा आहे, हे मुलांना आधीच सांगायला हवे. नोंदींची गोपनीयता, कायदा, आकडेवारी हे सारे त्याच्या पलीकडे उरते. दाखल रुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनी तीन वर्षे जपायच्या आणि मागितल्यापासून ७२ तासांत द्यायच्या, हा नियम २००२ पासून आहे. तो पाळायचा तर रेकॉर्ड रूममध्ये जाणकार माणूस हवा.

हिंगोलीत ऑक्टोबर २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्‌घाटन झाले. अशा महाविद्यालयाच्या रुग्णालयाला मेडिकल रेकॉर्ड विभाग लागतोच. शिवाय महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घेताना बायोप्सीचा अहवाल, पूर्वमंजुरी, डिस्चार्ज कार्ड यांतला एक कागद कमी पडला, तरी दावा अडकतो. ‘संजीवनी’त निदान झालेल्या बाईला किंवा तिच्या घरच्यांना त्या कागदासाठी कळमनुरीहून पुन्हा हिंगोलीला खेटा घालावा लागू नये, इतकी तयारी असलेली दहा-बारा मुले-मुली जिल्ह्यातूनच निघाली, तरी आज मोठे काम होईल.