केंद्रकांची शिरगणती

कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकातून पाहिलेलं अनेकांना आठवत असेल. विटांसारख्या रचलेल्या पेशी आणि प्रत्येकीत एक गडद ठिपका. तो ठिपका म्हणजे केंद्रक. रॉबर्ट ब्राऊन यांनी १८३१ साली ऑर्किडच्या पेशी पाहताना त्याला नाव दिलं. शाळेत आपण चार-पाच ठिपक्यांची आकृती काढून मोकळे व्हायचो. संशोधकापुढे मात्र मुळाच्या एका टोकात अशी शेकडो केंद्रकं असतात. ती मोजायची कुणी?

संगणकानं, हे उत्तर सोपं आहे. पण संगणकाला ठिपका दिसतच नाही. त्याच्यापुढे असतात नुसते आकडे, प्रत्येक बिंदूच्या उजेडाचे. मग उजेडाची एक मर्यादा ठरवायची : तिच्या वरचं ते केंद्रक, खालचं बाकी सगळं. ही मर्यादा ठरवण्याचं गणित जपानच्या नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये मांडलं. वनस्पतींपाशी ते अडखळतं. डीएनएला चिकटून निळा चमकणारा रंग वापरला, तरी पेशीभित्तिकाही कधी कधी निळसर उजळतात.

शिवाय केंद्रकं एकमेकांना खेटलेली असतात. शिरोरेषेखालची अक्षरं सुटी करण्यासारखंच हे काम! इथे कामी येते ती पाणलोटाची कल्पना. प्रत्येक ठिपक्याचा मध्य म्हणजे खोल खड्डा समजायचा, त्यात पाणी भरू द्यायचं आणि दोन खड्ड्यांचं पाणी जिथे भेटेल तिथे बांध घालायचा. युक्ती मोठी देखणी आहे; पण लांबट, मध्ये चेपलेल्या एकाच केंद्रकाचे ती खुशाल दोन तुकडे करते.

२०१५ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातून 'यू-नेट' आलं. ते माणसांनी कडा आखून दिलेली चित्रं पाहून शिकतं. म्हणजे आधी कुणीतरी तासन्‌तास बसून त्या कडा गिरवलेल्या असतात.

एवढा खटाटोप कशासाठी? मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या रोपाच्या पानावर लव असते. त्या लवीच्या पेशी न विभागताच आपला डीएनए दुप्पट, पुन्हा दुप्पट करत जातात. तो साधारण सोळापट होतो आणि केंद्रक फुगतं. आता चित्रातला मोठा ठिपका म्हणजे असं एक फुगलेलं केंद्रक, की चिकटलेली दोन? इथे चूक झाली तर पेशी वाढली की विभागली, याचंच उत्तर उलटं येतं. म्हणून संगणकानं आखलेल्या कडा मूळ चित्रावर ठेवून माणूस त्या पुन्हा तपासतो आणि चुकलेली रेघ पुसून हातानं ओढतो.