हळदीची झळाळी आणि रक्तातील शिसे

व्यापारात तराजूला मान असतो. कारण नजरेचा अंदाज चुकू शकतो, खरे माप चुकत नाही. सार्वजनिक आरोग्यालाही हाच नियम लागू पडतो, याचा प्रत्यय बांगलादेशातील हळदीच्या प्रकरणाने आणून दिला.

२०१४-१५ च्या सुमारास तेथील ग्रामीण भागातील ४३० गर्भवती महिलांचे रक्त तपासण्यात आले. त्यांपैकी ३१ टक्के महिलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅमहून अधिक निघाले. आईच्या रक्तातील शिसे गर्भापर्यंत पोहोचते आणि बालकाच्या मेंदूच्या वाढीस बाधा आणते. त्याची कोणतीही मात्रा निर्धोक मानली जात नाही. पेट्रोलमधील शिशावर त्या देशात १९९९ मध्येच बंदी आली होती. मग खेड्यात राहणाऱ्या या महिलांच्या शरीरात ते येत होते कोठून?

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेना फोरसाइथ आणि ढाक्यातील आयसीडीडीआर,बी या संशोधन संस्थेतील सहकारी यांनी त्याचा माग काढला. माती, धान्य, डबे, मसाले अशा अनेक वस्तूंवर संशय होता. परंतु एखाद्या वस्तूत शिसे सापडले, एवढ्याने ते माणसाच्या रक्तात गेले असे सिद्ध होत नाही. येथे शिशाच्या समस्थानिकांनी साक्ष दिली. वेगवेगळ्या खाणींतील शिशात या समस्थानिकांचे परस्पर प्रमाण वेगवेगळे असते. जणू ती त्या धातूची जन्मखूण. महिलांच्या रक्तातील शिशाची खूण हळदीत मिसळलेल्या पिवळ्या रंगाशी जुळली. तो रंग होता लेड क्रोमेट, म्हणजे शिसे आणि क्रोमियम यांचे संयुग.

या भेसळीचा उगमही विचार करण्याजोगा आहे. १९८० च्या दशकातील एका मोठ्या पुरानंतर भिजलेली हळकुंडे काळवंडली. तो माल खपावा म्हणून पॉलिश करताना त्यावर पिवळा रंग चढवला जाऊ लागला. ग्राहकाला झळाळी आवडली, घाऊक व्यापाऱ्याने तीच मागितली आणि तडजोडीची पुढे रीत झाली. रंग चढवणाऱ्यांपैकी अनेकांना आपण विष हाताळत आहोत याची कल्पनाही नव्हती.

२०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध होताच बांगलादेशच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पावले उचलली. बाजारांत सूचनापत्रके लावली गेली. क्ष-किरणांवर चालणाऱ्या, हातात मावणाऱ्या यंत्राने जागच्या जागी तपासणी झाली, दोषी घाऊक व्यापाऱ्यांना दंड झाला आणि त्याची बातमी देशभर पोहोचली. परिणामाचेही माप घेण्यात आले. बाजारातील हळदीच्या नमुन्यांत शिसे आढळण्याचे प्रमाण २०१९ मध्ये ४७ टक्के होते. २०२१ मध्ये ते शून्यावर आले. हळद गिरण्यांतील कामगारांच्या रक्तातील शिसेही सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

सांगलीची पेठ हळदीसाठी प्रसिद्ध आहे आणि महाराष्ट्रातील असंख्य व्यापारी कुटुंबांचा मसाल्यांशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. भारतातील अन्नसुरक्षा नियमांनुसारही हळद लेड क्रोमेटपासून मुक्त असलीच पाहिजे. म्हणून मालाची खरेदी करताना रंगावर भाव ठरवण्यापूर्वी प्रयोगशाळेचा अहवाल मागणे, हा व्यवहाराचाच भाग ठरावा. अनैसर्गिक झळाळीला जादा दर देणारा खरेदीदार नकळत भेसळीलाच उत्तेजन देत असतो. गृहिणीनेही अतिशय भडक पिवळा रंग हे शुद्धतेचे लक्षण मानू नये. मात्र साधा रंग म्हणजे शुद्धतेची हमी, असेही नव्हे. ती हमी तपासणीच देऊ शकते.

दुकानातील तराजू किती माल गेला ते सांगतो. त्या मालाबरोबर ग्राहकाच्या घरात आणखी काय गेले, याचा हिशेब अखेर एखाद्या मातेच्या रक्तात उमटतो. दोन्ही मापे चोख असणे, हीच व्यापाराची खरी पत होय.