पाडव्याला हंगाम सरतो

महाराष्ट्रात चैत्र लागला की बाजाराला रंग चढतो. कैऱ्या येतात, रस्त्याकडेला कलिंगडांचे ढीग लागतात, फणसाच्या कुयऱ्या दिसू लागतात. रुवैसमध्ये नेमकं उलटं. इथल्या वाळूत पिकणाऱ्या भाजीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास उघडतो आणि पाडव्यानंतर सरत जातो. मे उजाडला की पारा चाळिशीपार जातो आणि उघड्या वाफ्यात फारसं काही तग धरत नाही. म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल हे तीन महिने भाजी मन लावून घ्यावी, असं मी इथे नव्याने आलेल्या प्रत्येक कुटुंबाला सांगते.

रुवैस म्हणजे अबुधाबी शहरापासून पश्चिमेला सुमारे २४० किलोमीटरवरचं, आखाताच्या काठचं गाव. १९८२ मध्ये इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्याचं उद्घाटन झालं आणि त्याच्या आधाराने वसाहत वाढली. अशा गावाला शेतमालाचा बाजार कुठला, असं कुणालाही वाटेल. पण रुवैस ज्या अल धफ्रा प्रदेशात आहे, तिथली शेती दक्षिणेला आहे. गयाथी जवळ, मदिनत झायेद त्यापुढे आणि सर्वांत आत लिवा, म्हणजे रुब अल खाली वाळवंटाच्या कडेने पसरलेली खजुराची जुनी वस्ती. २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवारची झाली, तेव्हापासून शनिवारी सकाळी लवकर गाडी काढून मदिनत झायेद गाठणारी मराठी घरं बरीच आहेत. येताना डिकीत खोकी असतात, आणि ती शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून घेतली जातात.

तिथल्या बाजारात पहिली नजर काकडीवर जावी. इथली काकडी वीतभर, सडसडीत, पातळ सालीची, बिया जवळजवळ नसलेली. टोकाला वाळकं फूल चिकटलेलं असेल तर तोड ताजी समजायची. देठाकडे बोटाने दाबून पाहावं. मऊ लागली तर शीतगृहात पडून राहिलेली. टोमॅटो मात्र हाताने नव्हे, नाकाने निवडायचा, देठापाशी वास घेऊन. शेजारच्या खोक्यांत इराणचा, जॉर्डनचा, ओमानचा माल असतो, तोही वाईट नसतो. म्हणून खोक्यावर छापलेला देश आधी वाचायचा, मग भाव विचारायचा.

“दीदी, लोकल है, लिवा का.”

“कब का तोडा है?”

“कल शाम का. पूरा कार्टन लेगी तो कम करेगा.”

व्यवहार हिंदीत चालतो, कारण गाळ्यावर बसलेला माणूस बहुधा मलबारी, बांगलादेशी नाहीतर पठाण असतो. आपल्याकडच्या आठवडी बाजारात मळ्यातलीच बाई पाटी घेऊन बसते आणि भावाबरोबर पावसाचीही बातमी देते. इथे मळ्याचा मालक अमिराती, वाफ्यात राबणारे हात भारत, पाकिस्तान, बांगलादेशचे, आणि विकणारा तिसराच. २००९ मध्ये अबुधाबीत शेतकरी सेवा केंद्र स्थापन झालं, मळ्यांचा माल गोळा करून एका नावाखाली दुकानांत पोचू लागला आणि मालकांची सोय झाली. पण ज्याने काकडी वाढवली त्याच्याशी आपली गाठ क्वचितच पडते, याची मला खंत वाटते. कधी एखाद्या मळ्यात जायला मिळालं तर तिथल्या कामगाराशी दोन शब्द बोलावेत. पाणी, मीठ, रोग या तिन्हींची त्याच्याइतकी माहिती दुसऱ्या कुणाकडे नसते.

पाण्याचं गणित समजल्याशिवाय इथल्या भाजीची किंमत कळत नाही. या देशात वर्षाला सरासरी १०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. मळे विहिरींवर चालतात, पाणी मचूळ असतं आणि पातळी खाली जात राहते. पूर्वी त्यातलं प्रचंड पाणी ऱ्होड्स गवत पिकवण्यात, म्हणजे उंट-शेळ्यांच्या वैरणीत, जायचं. २०१० च्या सुमारास सरकारने त्या गवताला मिळणारा पैशाचा आधार काढून घ्यायला सुरुवात केली आणि शेतकऱ्यांना ठिबकवरच्या भाजीपाल्याकडे वळवलं. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. लिवाच्या वाळूखाली गोड्या पाण्याचा एक मोठा साठाही आहे, समुद्राचं पाणी गोडं करून जमिनीत मुरवलेला. २०१८ मध्ये तो पूर्ण झाला आणि त्यात सुमारे २ कोटी ६० लाख घनमीटर पाणी आहे. पण तो संकटकाळी पिण्यासाठी राखलेला आहे, मळ्यांसाठी नाही. म्हणूनच इथली भाजी आणून फ्रिजमध्ये कुजवणं मला सहन होत नाही.

आता पालेभाज्या. जर्जीरच्या जुड्या स्वस्त मिळतात. पानं तिखटसर असतात, अरब मंडळी ती कच्ची खातात, आपण पीठ पेरून करावी. हिल्बा म्हणजे आपली मेथीच. कूसा हा बोटभर लांबीचा कोवळा भोपळा भरल्या वांग्याच्या मसाल्यात सुरेख शिजतो. सिद्राच्या झाडाची बारीक गोल बोरंही या दिवसांत येतात. ती रथसप्तमीच्या आत हाती लागली, तर बोरन्हाणाची हौस इथल्याच बोरांनी भागते. पाडव्याला लागणारा कडुनिंब तर अमिरातीत रस्तोरस्ती लावलेला आहे. कांदा मात्र आपल्याकडचाच हवा असतो. डिसेंबर २०२३ मध्ये भारताने कांद्याची निर्यात थांबवली, तेव्हा आखातातल्या स्वयंपाकघरांना नाशिकचं महत्त्व नव्याने कळलं.

वसंतात बाजारात आणखी एक वस्तू दिसते, ती खाण्याची नसते. खजुराच्या नर झाडाचे पांढरट, पिठूळ तुरे जुड्या बांधून विकायला येतात. खजुरात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि वाऱ्याच्या भरवशावर पीक पुरेसं धरत नाही. मग माणूस कमरेला पट्टा बांधून खोडावर चढतो, मादीचा फुललेला तुरा उकलतो, त्यात नराच्या काही काड्या उलट्या खोचतो आणि सैलसर बांधून टाकतो. एका नराचे तुरे कित्येक माद्यांना पुरतात. खजुराभोवतीच्या या साऱ्या ज्ञानाला २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. त्या यादीतली नावं अनेक अरब देशांची आहेत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये खोचलेल्या त्या काड्यांचं फळ जूनपासून दिसतं. भाजीचे गाळे ओस पडतात आणि त्याच फळ्यांवर रुतब, म्हणजे अर्धपिकी, मधाळ खजूर येते. आधी नगाल, मागून खलास आणि बाकीच्या जाती. जुलैत लिवामध्ये खजुराचा उत्सव भरतो, तिथे घडांची स्पर्धा लागते आणि मळेवाले वर्षभराची मेहनत घेऊन येतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात जाणाऱ्यांनी जमल्यास तोवर थांबावं. रुतबचा डबा नीट बांधला तर विमानातून पुण्या-मुंबईपर्यंत टिकतो, फक्त पोचल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवायचा आणि आठवड्याच्या आत संपवायचा.