‘जर-तर’ आणि कंसाची जागा

समजा, गुणपत्रकावर शेरे लिहिण्याचे काम संगणकाला द्यायचे आहे. ३५ किंवा अधिक गुण असतील तर ‘उत्तीर्ण’, नाहीतर ‘अनुत्तीर्ण’. हे आपण एका वाक्यात सांगतो. संगणकाच्या भाषांत मात्र ते लिहिण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत.

१९६० च्या अल्गोल भाषेत त्यासाठी ‘जर-तर-नाहीतर’ या अर्थाचे इंग्रजी शब्दच होते. पुढे सी भाषेत त्या जागी दोन चिन्हे आली:

गुण >= ३५ ? "उत्तीर्ण" : "अनुत्तीर्ण"

प्रश्नचिन्हाआधी अट, त्यानंतर अट खरी असतानाचे उत्तर, आणि अपूर्णविरामानंतर अट खोटी असतानाचे. लिखाण आटोपशीर झाले. पण आता तिसरा शेरा वाढवू:

गुण >= ६० ? "प्रथम वर्ग" : गुण >= ३५ ? "उत्तीर्ण" : "अनुत्तीर्ण"

एका मुलीला ८० गुण आहेत. तिचा शेरा कोणता?

सी भाषा दुसरी अट व तिची दोन उत्तरे कंसात आहेत असे धरते. उत्तर येते ‘प्रथम वर्ग’. संकेतस्थळांसाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचपी भाषेने हीच चिन्हे घेतली, पण कंस धरला डावीकडे, म्हणजे सुरुवातीपासून दुसऱ्या प्रश्नचिन्हापर्यंत. त्या कंसाचे उत्तर ‘प्रथम वर्ग’. असा शब्द ती भाषा ‘खरे’ मानते, म्हणून दुसऱ्या प्रश्नचिन्हापुढचे उत्तर निवडले जाते: ‘उत्तीर्ण’! मुलीचा प्रथम वर्ग गेला, आणि चूक झाल्याची सूचनाही नाही. अखेर २०२० च्या आठव्या आवृत्तीपासून पीएचपीने असे कंसाविना लिहिलेले वाक्य नाकारायला सुरुवात केली.

२००६ मध्ये पायथन भाषेने चिन्हांऐवजी पुन्हा शब्द स्वीकारले. मात्र तिचा क्रम असा: "उत्तीर्ण", जर गुण >= ३५, नाहीतर "अनुत्तीर्ण". उत्तर आधी, अट मध्ये. इंग्रजी बोलण्यात हा क्रम नेहमीचा. अट आधी सांगणाऱ्या आपल्या मुलांना तो प्रथम उलटा वाटेल.

गणितात ‘कंचेभागुबेव’ हा क्रम आपण सर्वजण पाळतो. या चिन्हांबाबत असा सर्वमान्य क्रम नाही. म्हणून थोडक्यात लिहिलेले सुवाच्य असतेच असे नाही. वाचणाऱ्याला नियम आठवावा लागत असेल, तर कंस घालावा हे बरे.

वरील तीन शेऱ्यांचे वाक्य फळ्यावर लिहा. निम्म्या वर्गाला उजवीकडे, निम्म्याला डावीकडे कंस घालू द्या. मग ८०, ५० आणि २० गुणांचे शेरे काढायला सांगा. फरक फक्त ८० ला पडेल. ५० आणि २० तपासून ‘बरोबर आहे’ म्हणणाऱ्याच्या हातून ही चूक कशी निसटते, ते मुलांना आपोआप उमगेल.