'सिक्वेन्स वर्क'मध्ये सिक्वेन्स नाही

सुरतेच्या कापड बाजारात चकचकीत टिकल्यांच्या साडीला 'सिक्वेन्स वर्क' म्हणतात. उधना-लिंबायतच्या मराठी घरांतही हाच शब्द. टिकल्या ओळीने, क्रमाने लावतात म्हणून सिक्वेन्स, असा खुलासा कुणी केला तर पटण्यासारखा आहे, पण चुकीचा. मूळ शब्द 'सीक्विन'. त्याच्या अनेकवचनाचा बाजाराने सिक्वेन्स केला.

बरं, सीक्विन तरी इंग्रजांचा का? तोही नाही. त्यांनी तो फ्रेंचांकडून उचलला, फ्रेंचांनी इटलीतून. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याला 'झेक्किनो' म्हणत, त्यावरून टिकलीचं हे नाव. गोष्टीतल्या पिनोकिओला मिळालेली पाच सोन्याची नाणी हीच. 'झेक्का' म्हणजे टांकसाळ. कोऱ्या करकरीत वस्तूला इटालियन माणूस आजही 'टांकसाळीतून नवी' अशा अर्थाने 'नुओव्हो दि झेक्का' म्हणतो. (गोचिडीलाही झेक्काच म्हणतात, पण तो शब्द जर्मानिक कुळातला, नातं काही नाही.)

इटालियन शब्द म्हणजे लॅटिनच, हा आणखी एक समज. झेक्का आला अरबी 'सिक्का'वरून, आणि सिक्का म्हणजे मुळात नाणं नव्हे, तर नाण्यावर छाप उठवायचा ठसा. हिंदीत तो नाणं झाला. आपला 'शिक्का' मात्र ठशापाशीच राहिला, म्हणजे या बाबतीत मराठी मुळाला जास्त धरून आहे.

झेक्किनोला सुरत अनोळखी नव्हती. सतराव्या शतकात मोगलांच्या या बंदरात तांबड्या समुद्रातून, मोखामार्गे, सोनं-चांदी उतरे आणि बरीचशी परकी नाणी इथल्याच टांकसाळीत वितळून मोगल नाणी होत. जी वितळली नाहीत, त्यांतली कित्येक गळ्यात गेली. आपल्याकडची पुतळ्यांची माळ ती हीच. नाण्यावरच्या दोन आकृत्यांमुळे नाव पडलं 'पुतळी', आणि त्या आकृत्यांत लोकांना राम-सीताही दिसली. प्रत्यक्षात व्हेनिसचा राज्यप्रमुख, म्हणजे डोजे, संत मार्कपुढे गुडघे टेकून ध्वज स्वीकारतोय. 1284 साली हे नाणं 'डुकाट' नावाने निघालं; झेक्किनो हे नाव सोळाव्या शतकातलं. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. 1797 मध्ये नेपोलियनने व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडवलं, तरी आपल्या सोनारांनी या नाण्याच्या नकला घडवणं काही थांबवलं नाही.