आपल्या स्विंगला साजेसं हायब्रिड
गोल्फमधलं ३ किंवा ४ नंबरचं आयर्न हौशी खेळाडूंना सहसा दाद देत नाही. चेंडू उंच उठतच नाही. अशा आयर्नऐवजी वापरल्या जाणाऱ्या हायब्रिड क्लबच्या हेडमध्ये वजन खाली आणि मागे असल्याने तोच फटका सहज हवेत जातो. २००९च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये दक्षिण कोरियाच्या वाय. ई. यांगने शेवटच्या होलवर हायब्रिडनेच चेंडू झेंड्याजवळ टाकून टायगर वुड्सवरच्या विजयावर शिक्कामोर्तब केलं होतं.

निवडताना फटक्यानंतरची जमीन पाहा. गवताचा जाड तुकडा उडत असेल, तर तुमचा स्विंग वरून तीव्र उतरतो. आयर्नसारखं लहान हेड घ्या. गवत नुसतं घासलं जात असेल, तर फेअरवे वूडसारखं रुंद हेड बरं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे भरकटत असेल, तर ऑफसेट, म्हणजे शाफ्टच्या रेषेपेक्षा किंचित मागे बसवलेल्या, हेडचा उपयोग होतो. डावीकडे वळत असेल, तर ते टाळा.

स्विंग संथ असल्यास शाफ्ट लवचीक हवा. नंबरावर विसंबू नका, लॉफ्टचे, म्हणजे क्लबच्या तोंडाच्या कलाचे, अंश तपासा. एकाच नंबराचा लॉफ्ट कंपनीगणिक बदलतो. आणि बॅगेत क्लब १४च ठेवता येतात, तेव्हा नव्यासाठी कोणतं जुनं आयर्न काढायचं, हे आधीच ठरवा.